परकराच्या नाडीचा काच

सांताक्रूझ स्टेशनावर सकाळची गाडी गांठणाऱ्या स्त्रीस गर्दींत साडी सुटण्याचें भय असतें. म्हणून ती परकराची नाडी करकचून आवळते. सायंकाळीं घरीं येऊन नाडी सैल करतांच कमरेवर काळसर वळ दिसतो, किंचित् खाज सुटते. थोडें खोबरेल चोळलें, कीं ती गोष्ट तिच्यापुरती संपते.

बहुधा ती तेथें संपतेही. परंतु वर्षानुवर्षें त्याच जागीं काच बसत राहिला, तर क्वचित् प्रसंगीं त्या वळांतून त्वचेचा कर्करोग उद्भवतो. मुंबईस हा विषय नवा नाहीं. परळचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं सुरू झालें. तेथील डॉक्टर वसंत रामजी खानोलकर यांनीं एका सहकाऱ्यासह १९४५ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत, धोतर घट्ट नेसणाऱ्यांच्या कमरेवर होणाऱ्या कर्करोगाचें वर्णन आहे. पुढें साडी नेसणाऱ्या स्त्रियांतही तोच विकार आढळला. काश्मिरांत पोटाशीं कांगडी धरल्यानें होणारा कर्करोग याचाच भाऊबंद होय.

गोऱ्या कातडीस उन्हांतील अतिनील किरणांचें भय मोठें. सांवळ्या कातडीस तिचा रंगच बराचसा सांभाळून घेतो. मात्र जुना काच, भाजल्याचा व्रण, तळपायावर किंवा नखाखालीं वाढत जाणारा काळा डाग, यांपासून तो रंग राखीत नाहीं.

उपाय साधे आहेत. बारीक दोरीऐवजीं रुंद पट्टीची नाडी वापरावी. ती बेताची आवळावी. बांधण्याची जागा अधूनमधून बदलावी. घरीं येतांच सैल करून घाम धुवावा व कमर कोरडी ठेवावी. वळावर खवले धरले, कातडी जाड झाली, भेग पडली किंवा महिनाभरांत जखम भरली नाहीं, तर मलमें बदलीत बसूं नये. डॉक्टर लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं तपासवितात. रोग लहान असतां शस्त्रक्रियेनें बहुधा समूळ जातो. जांघेंतील गांठींत उतरल्यावर तेंच काम बिकट होतें.

या रोगाचा खरा मित्र संकोच होय. कमरेवरील जखम चारचौघांस दिसत नाहीं, आणि जिला दिसते ती बोलत नाहीं. महिन्यांतून एकदां आरशापुढें उभें राहून कमर पाहावी, आणि जें दिसेल तें वेळींच सांगावें. त्यांत लाज कसली?