फाट्यावरून निघताना



दहावीनंतर आपण सगळे याच देवगाव फाट्यावरून एसटीत बसलो. आईने धपाटे बांधून दिले, वडिलांनी पैसे जपून ठेवायला सांगितले. आता आपली मुलं तशीच निघतात, कुणी परभणीला, कुणी पुण्याला. म्हणून आज एक अवघड विषय काढते. रागावू नका.

मी इंजिनिअरिंगला असताना आमच्या खोलीतल्या एका मुलीला दिवस गेले. डॉक्टरकडे गेलं तर पोलीस येतील, घरी कळेल, या भीतीने तिने कुणीतरी सांगितलेलं औषध घेतलं. रात्रभर रक्त जात होतं आणि आम्ही तिघी दार लावून बसलो होतो. पहाटे तिला उभं राहता येईना, तेव्हा रिक्षा बोलावली. ती वाचली. गर्भपाताचा कायदा १९७१ पासून आहे, हे आम्हा चौघींपैकी एकीलाही माहीत नव्हतं. गणितं मात्र सगळी येत होती.

रघुनाथ धोंडो कर्वे गणिताचेच प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. या कामापायी कॉलेजची नोकरी सोडली. १९२७ पासून अखेरपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. १९३४ च्या अश्लीलतेच्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. खटला हरले, तरी अंक निघत राहिले. शंभर वर्षं झाली, आपण अजून लाजतोच आहोत.

मुली असोत की मुलगे, घर सोडण्याआधी त्यांना एवढं सांगा. 'नको' म्हणजे नको, आणि अठराच्या आत कायदा संमती मानतच नाही. निरोधमुळे गर्भधारणेबरोबर लैंगिक आजारांचा धोकाही कमी होतो. आपत्कालीन गोळी औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. ती ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. कायद्याच्या मुदतीत गर्भपात करायला अठरा पूर्ण झालेल्या मुलीची स्वतःची संमती पुरते, लग्न झालेलं असो वा नसो. डॉक्टरांना तिचं नाव गुप्त ठेवावं लागतं.

आणि शेवटी म्हणा, "काहीही झालं तरी आधी घरी फोन कर. ओरडणार नाही." हे एक वाक्य त्या मुलीच्या घरून कुणी म्हटलं असतं, तर ती रात्र टळली असती.