तुटक वाटणारीं माणसें

एखादा मनुष्य वाटेंत भेटला तरी हंसत नाहीं, मुलाबाळांची चौकशी करीत नाहीं. मग लोक त्याला 'तुटक' ठरवून मोकळे होतात. परंतु ओठांवर ओलावा नाहीं म्हणून अंतःकरणहि कोरडेंच असतें, असा नियम नाहीं. हातकणंगल्याच्या बाजूची बोली मुळांतच रांगडी. 'जेवून जा' हें आग्रहाचें बोलणेंहि तेथें नवख्याला दटावणीसारखें ऐकूं येतें!

याच तालुक्यांतील कुंभोज गांवीं २२ सप्टेंबर १८८७ रोजीं भाऊराव पाटील यांचा जन्म झाला. पाय अनवाणी, अंगावर जाडीभरडी खादी, वाढलेली दाढी, असें त्यांचें रूप. १९१९ सालीं त्यांनीं कऱ्हाडजवळ काले येथें रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ सालीं सातारा येथें सर्व जातींच्या मुलांसाठीं वसतिगृह चालविलें. आपलीं कामें आपण करावीं, कष्ट करून शिकावें, ही तेथील शिस्त. वरवर पाहणाऱ्यास वाटावें, या माणसाला पोरांची माया नाहीं.

घरचा प्रश्न याहून अवघड. वसतिगृहापायीं पत्नी लक्ष्मीबाई यांचे दागिने एकामागून एक गेले. एकदां भाऊराव परगांवीं असतां मुलांसाठीं धान्य उरलें नाहीं, तेव्हां त्यांनीं गळ्यांतील मंगळसूत्रहि काढून दिलें. सोवळ्याओवळ्यांत वाढलेल्या या बाईंनीं अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांनाहि पोटच्या पोरांप्रमाणें जेवूं घातलें. १९३० सालीं त्या निवर्तल्या. संस्थेचा पुढील विस्तार त्यांना दिसला नाहीं.

केवळ घरचा जमाखर्च पाहणारा म्हणेल, हा पति निष्ठुर. पण भाऊरावांनीं स्वतःसाठींहि कांहीं राखलें नव्हतें. माया नव्हती असें नव्हे. ती शेंकडों मुलांच्या ताटांत वांटली गेली होती.

तरीहि एक गोष्ट उरते. अशा मायेचा भार बहुधा जवळच्याच माणसाला वाहावा लागतो. जगाला फळ मिळतें, घराच्या वांट्याला वाट पाहणें येतें. म्हणून परक्यानें चेहऱ्यावरून निवाडा देऊं नये. आणि ज्याच्या मनांत ओलावा आहे त्यानें तो, ऐकणारें माणूस समोर आहे तोंवर, एका शब्दानें तरी सांगावा. सोलापुरांत संस्थेच्या महिला महाविद्यालयाला आज लक्ष्मीबाईंचें नांव आहे. तें योग्यच आहे. परंतु पाटीवरील आपलें नांव वाचावयास त्या नाहींत.