फायबरची होडी आणि कोबाल्टचा जांभळा द्रव

गणपतीपुळ्याच्या पुळणीवरून समुद्राकडे पाहणाऱ्या यात्रेकरूस फायबरची होडी आतां नवी वाटत नाहीं. होडीचें लांकूड सागाचें कीं आइनाचें, हें पूर्वी कोंकणांत पोरासोरांसही ठाऊक असे. फायबरची होडी कशानें घट्ट झाली, हें मात्र तींत बसणाऱ्या थोड्यांनाच ठाऊक असतें.

काचतंतूंच्या चटया साच्यावर पसरून त्या पॉलिएस्टर रेझिन नांवाच्या मधासारख्या दाट द्रवानें भिजवितात. तो घट्ट होण्यास पेरॉक्साइड लागतें. बाजारांत तें ‘हार्डनर’ किंवा ‘कॅटलिस्ट’ म्हणून मिळतें. परंतु हवेच्या साध्या उष्णतेंत तें फार मंदपणें फुटतें. येथें कोबाल्टचें काम सुरू होतें. जर्मन खाणकऱ्यांनीं त्रासून ज्या खनिजास खोडकर भुताचें नांव दिलें, त्यांतील हा धातु स्वीडनच्या गेऑर्ग ब्रांट यानें १७३५ च्या सुमारास ओळखला.

होडीच्या कामीं येणारें कोबाल्ट ऑक्टोएट हें त्याचें एका सेंद्रिय अम्लाशीं झालेलें लवण. मिठासारखें तें पाण्यांत विरघळत नाहीं, तेलकट द्रवांत विरघळतें. म्हणूनच रेझिनमध्यें एकजीव होतें. द्राव गडद जांभळा दिसतो. त्यांतील कोबाल्ट दोन विद्युद्भारांच्या व तीन विद्युद्भारांच्या अवस्थांमध्यें सारखी ये-जा करितो आणि प्रत्येक फेरीस पेरॉक्साइडचा रेणु फोडतो. ते तुकडे रेझिनचे रेणु एकमेकांशीं जखडतात. कोबाल्ट स्वतः खर्ची पडत नाहीं. शंभर भाग रेझिनला द्रावाचा एखादा भाग, कधीं त्याहूनही कमी, पुरतो. तेलरंग लवकर वाळविण्यासही अशींच लवणें वापरतात. तेथें हात सैल सुटला तर वरची साय आधीं धरते आणि रंगास सुरकुत्या पडतात, एवढेंच.

होडीच्या कामांत चूक इतकी स्वस्त नसते. पावसाळी मासेमारी बंदी १ जूनला लागते आणि होड्यांची डागडुजी सुरू होते. दमट हवेंत रेझिन लवकर धरत नाहीं, म्हणून औषध वाढविण्याचा मोह होतो. वाढविलेलें रेझिन अतिशय तापतें व तडकतें. याहून मोठा धोका क्रमाचा. कोबाल्ट आधीं रेझिनमध्यें पुरता ढवळावा. पेरॉक्साइड त्यानंतरच घालावें. हे दोन द्रव भांड्यांत थेट एकत्र आले तर आग लागते, स्फोटही होतो. एकच मापटें दोहोंस वापरणें हें तितकेंच घातक. पेरॉक्साइडचा थेंब डोळ्यांत उडाल्यास दृष्टि जाऊं शकते. तेव्हां चष्मा लावल्यावांचून बाटली उघडूं नये, आणि दोन्ही बाटल्या एका फळीवर कधींही ठेवूं नयेत.