कोयासानच्या वेशीवर





जपानच्या प्रवासाविषयी चार शब्द बोलावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. आम्ही सात सभासद. त्यांत चार महिला. तीन वर्षे आवर्ती ठेवीत पैसे साठवले आणि २०१८ च्या नोव्हेंबरात निघालो. क्योतोची मंदिरे पाहिली, नारा येथील भव्य बुद्धमूर्तीपुढे नतमस्तक झालो. पण खरी ओढ कोयासानची होती. तेथील विद्यापीठात १० सप्टेंबर २०१५ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण झाले आहे.

ओसाकाहून रेल्वेने पायथा गाठला. पुढे दोरावर ओढली जाणारी गाडी उभ्या चढाने वर नेते. इ. स. ८१६ मध्ये कुकाई या भिक्षूला ही जागा मिळाली आणि येथे शिंगोन पंथाचे केंद्र उभे राहिले. २००४ साली युनेस्कोने या स्थळाला जागतिक वारशाचा मान दिला. उंच देवदारांच्या सावलीतून सुमारे दोन किलोमीटरची वाट कुकाईच्या समाधीकडे जाते. दुतर्फा दोन लाखांहून अधिक स्मारके आहेत. मुक्काम विहारातच होता. गवती चटईवर बसून शाकाहारी जेवण. मासळीवाचून घास न उतरणारे आम्ही मालवणकर तेही आवडीने जेवलो! बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढे उभे राहिलो, तेव्हा कोणाच्याही तोंडून शब्द फुटला नाही.

परंतु बंधू-भगिनींनो, सर्वांत जास्त लक्षात राहिली ती वेशीवरची एक लहानशी लाकडी वास्तू. तिचे नाव 'न्योनिनदो', म्हणजे स्त्रियांचे सभागृह. हजार वर्षे या पवित्र क्षेत्रात स्त्रियांना प्रवेश नव्हता. त्या अशा वास्तूत थांबत, डोंगराच्या कडेकडेने फिरत आणि दुरूनच हात जोडून परत जात. सात वाटांवर अशा सात वास्तू होत्या; आज ही एकच उरली आहे. १८७२ साली सरकारने बंदी उठवली, तरी प्रत्यक्षात ती पुरती सुटायला विसावे शतक उजाडले.

तेथे आमच्यातील एक भगिनी म्हणाल्या, "१९३० साली काळारामाच्या दाराबाहेर आपली माणसं उभी होती. इथं बुद्धाच्या दाराबाहेर बाया उभ्या होत्या."

आम्हा पुरुषांना उत्तर सुचले नाही. समतेचा धम्म सांगणाऱ्यांच्या अंगणातही उंबरठा उभा राहू शकतो. जपानी लोकांचे कौतुक हे, की त्यांनी ती वास्तू पाडली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी जपली.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या विहारात झाडलोट भगिनी करतात, वंदनेला त्या पुढे असतात, वर्षावासात खीर त्याच रांधतात. अकरा जणांच्या कार्यकारिणीत मात्र एकच भगिनी आहे. येत्या निवडणुकीत किमान पाच जागा भगिनींना द्याव्यात, असा ठराव आम्ही सातही जण मांडणार आहोत. त्याला आपण साथ द्यावी, ही नम्र विनंती.



नमो बुद्धाय! जयभीम!