प्रयोगशाळेंत वाढणारी त्वचा

त्वचा म्हणजे शरीराचें वस्त्र, असें सामान्यतः समजण्यांत येतें. परंतु वस्त्र फाटलें तर मनुष्य उघडा पडतो. त्वचा मोठ्या प्रमाणावर नष्ट झाली तर त्याचा प्राणच धोक्यांत येतो. शरीरांतील जलांश बाहेर झिरपूं लागतो आणि रोगजंतूंना आंत शिरावयास वाट मोकळी होते. अंगाच्या एका भागावरील निरोगी त्वचा काढून जखमेवर बसविण्याची विद्या शस्त्रवैद्यांना फार दिवसांपासून अवगत आहे. पण सर्वांगच होरपळलें असेल, तर त्वचा आणावी कोठून? दुसऱ्या मनुष्याची त्वचा तर शरीर फार दिवस ठेवून घेत नाहीं.

या कोड्याचें उत्तर निराळ्याच वाटेनें सांपडलें. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत हॉवर्ड ग्रीन व जेम्स राइनवाल्ड हे उंदराच्या एका अर्बुदाचा अभ्यास करीत होते. त्यांतील त्वचेसारख्या पेशी एकट्या ठेवल्या असतां खुंटतात, पण तंतुजनक पेशींच्या सोबतींत जोमानें वाढतात, असें त्यांस आढळून आलें. हीच युक्ति मानवी त्वचेसहि लागू पडते, हें त्यांनीं १९७५ सालीं दाखवून दिलें. बशींत प्रथम उंदराच्या तंतुजनक पेशींचा थर पसरावयाचा. किरणांच्या योगानें त्यांची वाढ थांबवावयाची, परंतु त्यांना जिवंत ठेवावयाचें. त्यांवर मानवी त्वचेच्या सुट्या पेशी पेरल्या, म्हणजे दाईच्या मांडीवरील तान्ह्याप्रमाणें त्या वाढूं लागतात आणि कांहीं आठवड्यांत एकसंध पातळ पडदा तयार होतो. १९८३ सालीं वायोमिंग राज्यांतील दोन लहान भाऊ अंगाचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग भाजलेल्या स्थितींत बोस्टन येथें आणले गेले. त्यांच्याच त्वचेच्या लहानशा तुकड्यांपासून वाढविलेल्या पडद्यांनीं त्यांच्या अंगाचा सुमारें अर्धा भाग झांकला गेला आणि दोघेहि वांचले.

पुढें या विद्येचा उपयोग संशोधनाकडेहि होऊं लागला. पडदा खालून पोषक द्रवांत भिजत ठेवून वरून त्यास हवा लागूं दिली, म्हणजे थरावर थर चढतात आणि अंगावरील त्वचेप्रमाणेंच वर मृत पेशींचें कठीण कवच तयार होतें. एखादें रसायन त्वचेस दाहक आहे कीं नाहीं, हें पूर्वीं सशाची पाठ भादरून तिजवर पाहत असत. आतां तें रसायन या पेशीजालावर कांहीं काळ ठेवतात, मग धुऊन एक पिवळें द्रव्य घालतात. जिवंत पेशी त्यास जांभळें करतात. रंग जितका गडद, तितक्या अधिक पेशी वांचल्या असें समजावें. २०१० सालीं ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संस्थेनें ही पद्धति मान्य केली. २०१४ सालीं भारतानें सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरील चांचणी बंद केली.

तथापि या त्वचेचा निवाडा तिच्या थरांइतकाच खोल असतो. साध्या नमुन्यांत रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतु नसतात, केंसांचीं मुळें नसतात, घामाच्या ग्रंथीहि नसतात. पेशी मेली काय, एवढें ती सांगते. खाज सुटेल काय, हें सांगत नाहीं. भाजलेल्या रोग्याच्या अंगावर असा पडदा रुजला, तरी उन्हाळ्यांत तेथें घाम येत नाहीं. शिवाय प्रत्येक पडद्याचा आरंभ कोणा तरी मनुष्यापासून होतो. शस्त्रक्रियेंत काढलेला तुकडा रुग्णालयाच्या दृष्टीनें टाकाऊ असला, तरी संशोधनासाठीं तो घेण्यापूर्वीं ज्याच्या अंगाचा तो होता त्याची संमति विचारली पाहिजे. सशाची पाठ वांचविणाऱ्या शास्त्रानें मनुष्याची परवानगी गृहीत धरूं नये.