बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी : विद्येने उघडलेले दरवाजे
(मुरबे येथे पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



अब्राहम लिंकन यांचे नाव तुम्ही ऐकलेच आहे. १८३२ साली ते नागरिकांच्या सशस्त्र पथकाचे कप्तान झाले, १८३४ साली विधिमंडळावर निवडून आले आणि १८३६ साली त्यांना वकिलीची सनद मिळाली. स्वतंत्र देशात शेतकऱ्याच्या मुलाला हे तिन्ही मार्ग मोकळे होते. त्याच शतकात मुंबईच्या बद्रुद्दीन तय्यबजींना त्यांतले दोनच मिळाले. तेही विद्येच्या बळावर.

त्यांचा जन्म १८४४ सालचा. वडील तय्यबअली व्यापारी. पण मुलांना नुसते पेढीवर न बसविता त्यांनी शिक्षणासाठी विलायतेस धाडले. बद्रुद्दीन १८६० साली गेले. डोळ्यांच्या दुखण्यामुळे १८६४ साली त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. पण ते पुन्हा गेले आणि १८६७ साली बॅरिस्टर झाले. मुंबई हायकोर्टातले ते पहिले हिंदी बॅरिस्टर. १८८२ साली ते मुंबईच्या कायदेमंडळाचे सभासद झाले.

तिसरा दरवाजा मात्र बंद होता. परकीय सरकार हिंदी माणसाला सैन्यात वरचे अधिकारपद देत नसे. १८८७ साली मद्रासला काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्ष बद्रुद्दीन होते. हिंदी लोकांना लष्करात वरच्या जागा द्याव्यात, स्वयंसेवक पलटणींत घ्यावे, असे ठराव तेथे झाले. तांत्रिक शिक्षणाची मागणीही त्याच अधिवेशनाने केली.

१८९५ साली ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. १८९७ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. त्यांचा जामीन आधी नाकारला गेला होता. न्यायमूर्ती तय्यबजींनी तो मंजूर केला. सरकारची नोकरी करूनही न्यायबुद्धी गहाण टाकायची नसते, हा त्यातला धडा आहे.

स्वतः मोठे होऊन ते थांबले नाहीत. बंधू कमरुद्दीन, कोकणी समाजाचे नाखुदा महंमदअली रोगे आदींसह त्यांनी १८७४ साली अंजुमन-इ-इस्लाम स्थापली. १८८० साली तिची शाळा सुरू झाली. आपल्या मुलींनाही त्यांनी शाळेत घातले.

पालकहो, याचा आपल्या गावाशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. तारापूरच्या अणुवीज केंद्राचे तिसरे व चौथे युनिट २००५-०६ साली सुरू झाले. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरणच्या लोकांना घरेदारे सोडावी लागली आणि पुनर्वसनासाठी हायकोर्टापर्यंत जावे लागले. अशा वेळी नोटीस वाचून तिचा अर्थ सांगणारा, मुदतीत अर्ज करणारा माणूस घरातलाच असला तर केवढा आधार होतो!

म्हणून विनंती एवढीच. बोईसरच्या कारखान्यात लवकर पगार सुरू होतो, म्हणून मुलाचे शिक्षण तोडू नका. लग्न ठरले म्हणून मुलीचे तोडू नका. आणि विद्यार्थी मित्रांनो, आजारपणाने वा नापास झाल्याने एखादे वर्ष गेले, तर पुन्हा परीक्षेला बसा. तुमच्यासाठी आज तिन्ही दरवाजे उघडे आहेत.