सैनिकाच्या घरातील बालपण



खानदेशात आखाजी आली की झाडांना झोके बांधले जातात, सासुरवाशिणी माहेरी येतात, खापरावर मांडे भाजले जातात. पण जळगाव-धुळे जिल्ह्यांतील काही घरांचे लक्ष त्या दिवशीही उत्तरेकडे असते, कारण त्या घरातला कर्ता पुरुष सीमेवर उभा असतो. पुण्याहून जम्मूकडे जाणारी झेलम एक्स्प्रेस जळगाव, भुसावळवरूनच पुढे जाते. वडिलांचे येणे आणि जाणे यांतच त्या घरांतील मुलांचे वर्ष मोजले जाते.

सैनिकाच्या मुलाचे बालपण दोन तऱ्हेचे असते. एक छावणीतले. दर दोन-तीन वर्षांनी बदली, नवी शाळा, नवे सवंगडी. बदलीच्या नोकरीतील पालकांच्या मुलांचे शिक्षण खंडित होऊ नये, यासाठीच १९६३ मध्ये केंद्रीय विद्यालयांची योजना सुरू झाली. सैनिकी घराच्या संस्कारांतून किती उंचीचे व्यक्तिमत्त्व घडते, याचे उदाहरण म्हणजे जनरल मनोज नरवणे. वडील हवाई दलात अधिकारी, आई आकाशवाणीवर निवेदिका, शिक्षण पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीत. आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी ते भारताचे लष्करप्रमुख झाले.

दुसरे बालपण गावातले. खानदेशातील बहुतेक जवानांची मुले याच वाटेने वाढतात. आई शेत सांभाळते, सासू-सासऱ्यांचे औषधपाणी पाहते, शाळेच्या दाखल्यासाठी एकटीच तालुक्याला खेटे घालते. वडील रजेवर येतात तेव्हा धाकटे मूल त्यांना ओळखतही नाही. पदराआडून पाहत राहते. ओळख होऊन ते खांद्यावर चढू लागते, तोवर रजा संपलेली असते. थोरल्याला सगळे सांगतात, "आता तूच घरातला मोठा." दहा वर्षांचा मुलगा हे ओझे निमूटपणे उचलतो. आपण त्याला शहाणा म्हणतो. त्याचे बालपण मात्र तेवढेच उणे होते.

कधी तर वडील परततच नाहीत. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात अतिरेक्यांशी लढताना हुतात्मा झाले. मागे दोन लहान मुले होती. वीरपत्नी स्वाती महाडिक यांनी शोक गिळून चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत खडतर प्रशिक्षण घेतले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या स्वतः सैन्यात अधिकारी झाल्या. या पराक्रमाला वंदन करताना एक गोष्ट विसरता कामा नये. त्या काळात मुलांनी वडिलांपाठोपाठ आईचाही सहवास दूर सारला. या त्यागासाठी कोणतेही पदक नसते.

समाजाने काही व्यवस्था उभ्या केल्या आहेत. धर्मवीर डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू केले. देशातील पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात उघडली. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत. १९४९ पासून ७ डिसेंबरला ध्वजनिधी गोळा होतो. पण निधी देऊन कर्तव्य संपत नाही. शासन शिष्यवृत्ती देईल; संध्याकाळी गणित समजावून सांगणारा काका देऊ शकणार नाही.

तो काका शेजारच्या घरातून यावा लागतो. स्वातंत्र्यदिनी शाल-श्रीफळ देऊन ज्या घराचा सत्कार होतो, त्या घरी सोळा ऑगस्टला कोण जाते? आपल्या वस्तीत सैनिकाची किती मुले आहेत, हे प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असावे. त्यांच्या शाळाप्रवेशाच्या रांगेत कुणी उभे राहावे, आजारपणात रात्री वाहन आणावे, आखाजीला त्यांचाही झोका बांधावा. सीमेवर उभ्या असलेल्या जवानाला घरून फोन यावा आणि मुलाने सांगावे, "बाबा, इथे सगळे आहेत." एवढे झाले तर तो पहाऱ्यावर निश्चिंत उभा राहील.

भारत माता की जय!